पाच मित्र, चौदा दिवस आणि ग्वाटेमाला: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात ग्वाटेमालाबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. निम्म्याहून जास्त पत्रांत पहिलाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला होता, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे. या देशात मी आधी मैत्रिणींच्या टोळक्याबरोबर फिरले, नंतर स्पॅनिश शिकायला एकटी जाऊन राहिले. उत्तरं त्या दोन्ही अनुभवांतून आली आहेत.

आम्ही कॉलेजपासूनचे पाच मित्रमैत्रिणी येत्या जानेवारीत चौदा दिवसांसाठी जातोय. यादी अशी: अँटिग्वा शहर, आकातेनांगो ज्वालामुखीचा ट्रेक, आतितलान सरोवर, चिचिकास्तेनांगोचा बाजार, शेला म्हणजे केत्साल्तेनांगो शहर, सेमुक चंपेचे डोह, तिकालचे माया अवशेष, लिविंगस्टन आणि जमलं तर सीमेपलीकडे होंडुरासमधले कोपानचे माया अवशेष. देश तर छोटासा दिसतो. एवढं बसेल ना? — पाचांतली नियोजन करणारी

बसवलं तर बसेल. पण मग चौदातले सहा-सात दिवस तुम्ही हा देश मिनीबसच्या खिडकीतून बघाल, आणि सेमुक चंपेला पोहोचायच्या आतच कोण पुढच्या सीटवर बसणार यावरून पाच जणांत धुसफूस सुरू झालेली असेल. यादी निम्मी करा, आणि ती आत्ता करा, आतली बुकिंग करण्याआधी. टोळक्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

देश सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटरचा आहे, त्यामुळे नकाशा बघून कुणालाही वाटतं की सकाळी निघू, दुपारी पोहोचू. पण दक्षिणेची बाजू सगळी डोंगरांची. रस्ते बहुतेक दोन पदरी, वळणावळणांचे, आणि पुढे चढावर एखादा भरलेला ट्रक लागला की त्याच्यामागे रांग. अँटिग्वाहून लांकिनला, म्हणजे सेमुक चंपेच्या गावाला, शटल मिनीबसने आठ ते दहा तास लागतात. लांकिनहून उत्तरेला फ्लोरेसला पुन्हा जवळजवळ तेवढेच. त्यामुळे अंतर किलोमीटरमध्ये मोजूच नका. दिवसांत मोजा: या दोन टप्प्यांना प्रत्येकी एक अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवशी दुसरं काही होत नाही.

मी तुमच्या जागी असते तर लिविंगस्टन, शेला आणि कोपान यांवर सरळ काट मारली असती. लिविंगस्टन कॅरिबियन किनाऱ्यावरचं गारिफुना (आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या) लोकांचं गाव, तिथे रस्ता जात नाही, होडीनेच पोहोचायचं. सुंदर आहे, पण तुमच्या वाटेपासून फार लांब पडतं. कोपानला सीमा ओलांडायची म्हणजे पाच पासपोर्ट आणि दोन रांगा. चिचिकास्तेनांगोचा मोठा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. सरोवराकडे जायचा दिवस त्यांतलाच निघाला तर वाटेत थांबा, नाही तर त्याच्यासाठी वेगळा दिवस घालू नका.

मग उरतं ते असं. अँटिग्वात चार रात्री, त्यातली एक आकातेनांगोवर. आतितलानला चार. लांकिनला दोन, फ्लोरेसला दोन, आणि शेवटची रात्र परत अँटिग्वात किंवा राजधानीत. फ्लोरेसहून परतताना रात्रभराची बस न घेता विमान घ्या. जेमतेम तासाभराचं उड्डाण आहे, आणि प्रवासाच्या शेवटी पाच थकलेल्या माणसांना ते हवंच असतं.

आतितलानला चार रात्री म्हटल्यावर तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, एका तळ्याला एवढे दिवस? त्याला थोडं समजावून सांगावं लागेल. हे सरोवर म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीच्या स्फोटानंतर जमीन खाली बसून तयार झालेलं कुंड. पाणी समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर, खोली तीनशे मीटरहून जास्त, काठावर तीन ज्वालामुखी आणि भोवती गावं. प्रत्येक गावाचा स्वभाव वेगळा. पानाहाचेल हे बाजाराचं आणि बसचं गाव. सान पेद्रोमध्ये स्वस्त हॉस्टेलं, स्पॅनिश शाळा आणि रात्रीची गाणी. सान मार्कोस योगासनं आणि शांतता शोधणाऱ्यांचं. सान हुआन विणकरांचं आणि चित्रकारांचं. सांतियागो आतितलान सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत जुन्या वळणाचं. पलीकडच्या गावात काकचिकेल ही माया भाषा बोलतात, अलीकडच्या गावात त्सुतुहिल ही दुसरी. ही गावं एकमेकांना जोडतात त्या लांचा, म्हणजे सार्वजनिक मोटारहोड्या. धक्क्यावर उभं राहायचं, होडी येते, बसायचं.

टोळक्यासाठी याहून सोयीची जागा मला माहीत नाही, कारण इथे रोज सकाळी वेगळं होता येतं. एकाने पहाटे उठून रोस्त्रो माया हा डोंगर चढावा, दुसरीने सान हुआनमध्ये सुताला वनस्पतींचा रंग कसा देतात ते बघावं, तिसऱ्याने हॅमॉकमध्ये पडून राहावं. संध्याकाळी सगळे जेवायला एकत्र. पाच जणांनी चौदा दिवस प्रत्येक गोष्ट एकत्रच करायची हा हट्ट मैत्रीला झेपत नाही. मी अशी टोळकी बघितली आहेत जिथे चौथ्या दिवसापासून सगळा वेळ सगळ्यांचं मत घेण्यातच गेला. अट दोनच ठेवा: शेवटच्या होडीची वेळ धक्क्यावर विचारून सगळ्यांनी लिहून घ्यायची, आणि लांबच्या गावी जायचं असेल तर सकाळी जायचं. दुपारनंतर शोकोमिल नावाचा वारा सुटतो, पाणी उसळतं आणि होडी इतकी आपटते की पाठदुखी असणाऱ्यांना त्रास होतो. अशांनी पुढच्या टोकाला न बसता मागे बसावं.

लांकिनबद्दल थोडंसं. तिथून सेमुक चंपेपर्यंत पिकअपच्या हौद्यात उभं राहून जायचं असतं. काहाबोन नदी तिथे चुनखडीच्या एका नैसर्गिक पुलाखाली शिरते, आणि त्या पुलाच्या पाठीवर हिरव्यानिळ्या पाण्याचे टप्प्याटप्प्याचे डोह आहेत. आधी वरच्या मिरादोरवर, म्हणजे डोह बघायच्या जागेवर, चढा आणि मग पाण्यात उतरा. उलट केलंत तर ओल्या अंगाने तो चढ नकोसा होतो. आजूबाजूचा सगळा मुलूख वेलदोड्याचा आहे. जगात सर्वांत जास्त वेलदोडा निर्यात करणाऱ्या देशांत ग्वाटेमाला अगदी वर आहे, आणि त्यातला मोठा वाटा या आल्ता वेरापास भागातला. मजा म्हणजे तिथल्या रोजच्या स्वयंपाकात तो फारसा सापडत नाही, माल जवळजवळ सगळा बाहेर जातो. कोबानच्या बाजूला कुणी वाळवण दाखवलं तर अवश्य थांबा.

तिकालला मात्र पाचही जण एकत्र जा. फ्लोरेसहून दीडेक तास. दार सकाळी सहाला उघडतं. पहिल्या तासात पोहोचलात तर झाडांवरून हाउलर माकडांच्या आरोळ्या ऐकू येतात, आणि तो आवाज एवढ्याशा माकडाचा आहे यावर विश्वास बसत नाही. चौथ्या क्रमांकाचं मंदिर सुमारे ६५ मीटर उंच. लाकडी जिन्याने वर गेलं की जंगलाच्या छपरावर बाकीच्या मंदिरांची टोकं वर आलेली दिसतात. आठव्या शतकात बांधलेलं आहे ते. पहाटे बरेचदा धुकं असतं, सूर्योदय दिसेलच असं नाही. तरीही लवकरच जा.

आमच्या ग्रुपमधल्या तिघांना आकातेनांगो चढायचाच आहे. मला दम्याचा जुना त्रास आहे आणि डोंगरांची सवय नाही. "सगळे गेलो तरच मजा" असं ते म्हणतात. मी जावं का? — मागे राहणारा

डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही, आणि मित्रांच्या आग्रहाखातर तर अजिबात नाही.

या डोंगराची छायाचित्रं बघून तो सोपा वाटतो. तंबू, शेकोटी आणि समोर फुएगो हा शेजारचा ज्वालामुखी लाल निखारे उडवतोय. छायाचित्रात न दिसणारं सांगते. आकातेनांगोचं शिखर ३,९७६ मीटरवर आहे. चढाई बहुतेक जण ला सोलेदाद या वस्तीपासून सुरू करतात, सुमारे २,४०० मीटरवरून, आणि मुक्काम साधारण ३,६०० मीटरवर. म्हणजे एका दिवसात बाराशे मीटर वर. पहिला तास-दीड तास मक्याच्या शेतांमधून भुसभुशीत ज्वालामुखी मातीतला चढ, पाय एक पाऊल पुढे टाकला की अर्धा मागे सरकतो. सगळ्यांत जास्त लोक याच टप्प्यात खचतात. पुढे ढगांतलं जंगल, मग पाइनची झाडं, आणि रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. २०१७ च्या जानेवारीत याच डोंगरावर थंडीने गारठून माणसं दगावली आहेत, आणि तीही त्याच देशातली. उन्हाळी कपड्यांवर भाड्याचं एक जाकीट चढवून निघणाऱ्या टोळक्यांना मला थांबवावंसं वाटतं.

आणि फुएगो हा करमणुकीचा कार्यक्रम नाही. ३ जून २०१८ ला त्याचा मोठा उद्रेक झाला तेव्हा तप्त राखेचा लोट उतारावरून खाली आला आणि सान मिगेल लोस लोतेस ही वस्ती गाडली गेली. शेकडो लोक त्यात गेले किंवा बेपत्ता झाले. ट्रेकवाले मुक्कामावरून पुढे फुएगोच्या धारेवर नेण्याचा जादा कार्यक्रम विकतात. मी तो घेतला नाही आणि कुणाला घ्या म्हणणार नाही. ज्वालामुखीवर इन्सिवुमे ही सरकारी संस्था लक्ष ठेवते आणि कोनरेद ही आपत्ती निवारण यंत्रणा इशारे देते. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांची ताजी सूचना हॉस्टेलमध्ये वाचून घ्या. उलट बाजूही लक्षात ठेवा: फुएगो कधी कधी दीर्घकाळ अगदी गप्प असतो. दर पंधरा मिनिटांनी स्फोट नक्की दिसेल असं सांगून कुणी पैसे घेत असेल तर तो खोटं बोलतोय.

ज्या तिघांना जायचं आहे त्यांनी जावं, पण देशात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. अँटिग्वा दीड हजार मीटरवर आहे, तिथे दोन रात्री झोपून मग निघावं. पाठीवरचं ओझं वाहायला ला सोलेदादचे हमाल मिळतात. ते घ्या, पैसे थेट गावात जातात.

तुमच्यासाठी पाकाया हा दुसरा ज्वालामुखी आहे. उंची अडीच हजार मीटरच्या जरा वर, अर्ध्या दिवसाचं काम, आणि दम लागला तर वाटेत घोडा मिळतो. पण तोही दम्याचा डॉक्टर हो म्हणाला तरच, आणि इनहेलर खिशात ठेवून. काहीच चढायचं नसेल तर त्या दिवशी अँटिग्वात राहा. १७७३ च्या भूकंपांत मोडलेली चर्चं अजून तशीच उभी आहेत, कमानी आभाळाकडे उघड्या. बाजाराच्या बाजूने चालत सुटा, मग पहाटे किंवा संध्याकाळी सेर्रो दे ला क्रूसच्या टेकडीवर जा, तिथून समोर आग्वा ज्वालामुखी आणि खाली सरळ रेषांत आखलेलं शहर दिसतं. मित्र दुसऱ्या दिवशी दुपारी धुळीने माखून येतील तेव्हा गरम पाण्याची खोली आणि जेवण तयार ठेवणारा एक माणूस खाली असणं ही त्यांचीही सोय आहे.

आमच्यातल्या दोघी पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही नको. उपाशी राहावं लागेल का? — काळजीत पडलेली तिसरी

नाही. हा मक्याचा आणि घेवड्याचा देश आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून, हातावर थापून केलेल्या तोर्तिया दिवसातून तीनदा ताज्या मिळतात. गल्लीत टाळ्या वाजवल्यासारखा आवाज आला की समजायचं, भाजणं चालू आहे. साधारण जेवण म्हणजे काळ्या घेवड्याचे फ्रिहोलेस, भात, तळलेली पिकी केळी, थोडं चीज, अव्होकाडो, आणि भाजलेल्या टोमॅटोचा चिरमोल. तेवढ्यात माझं पोट नेहमी भरलं.

पण दोन ठिकाणी फसायला होतं. फ्रिहोलेस पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, आणि भात किंवा भाजीचं सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, कारण बऱ्याच जणांच्या हिशेबात कोंबडी आणि चरबी त्यात मोडतच नाहीत. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाच शांतपणे सांगा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका, सिन काल्दो, सिन उएवो. म्हणजे मांस, कोंबडी, चरबी, रस्सा आणि अंडं, पाचही नकोत. कोमेदोर, म्हणजे घरगुती खाणावळ, निवडली तर सकाळीच सांगून ठेवा. दुपारी तुमच्यासाठी वेगळा घेवडा बाजूला काढलेला असतो. मला हा अनुभव प्रत्येक गावात आला.

रेल्येनितोस चुकवू नका: शिजवलेल्या केळ्याच्या आवरणात काळ्या घेवड्याचं गोड सारण, तळलेलं. चिपिलिनच्या पाल्याचे छोटे तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले गोळे, मिळतील, पण त्यांतही चरबी आहे का ते विचारायचंच. संध्याकाळी चौकात आतोल दे एलोते, कोवळ्या मक्याचं गरम दाट पेय. थंडीत त्याच्यासाठी मी रांगेत उभी राहिले आहे आणि पुन्हा राहीन. पेपियान आणि काकिक ही तिथली मानाची पक्वान्नं मांसाची. अँटिग्वात काही ठिकाणी पेपियान भाज्यांचं मिळतं.

नळाचं पाणी कुणीच पिऊ नका. हॉस्टेलात मोठे बाटले किंवा मातीच्या गाळण्या असतात, आपली बाटली तिथून भरा.

पैशांचा हिशेब कसा ठेवावा? मागच्या सहलीनंतर दोन मित्र आजही बोलत नाहीत. — हिशेबनीस

होडी, टुकटुक, शटल आणि खोली यांची कॉन्ट्री काढा, दर तीन दिवसांनी सारखी, रोख, एकाच्या हाती. खाणंपिणं आणि ट्रेक ज्याचं त्याने. पिणारे आणि न पिणारे एकाच बिलात आले की भांडण ठरलेलं असतं.

चलन केत्साल, एका डॉलरला साधारण पावणेआठ. गावांत कार्ड चालत नाही आणि शंभराची नोट मोडताना लोक कंटाळतात, म्हणून एटीएममधून पैसे काढले की मोठ्या दुकानात लगेच सुटे करून घ्या. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटा. जराशी फाटलेली कुणी घेत नाही. (टुकटुक बहुतेक बजाजच्याच आहेत. भाडं मात्र बसण्याआधी ठरवायचं.)

माझी मुलगी दोन मैत्रिणींबरोबर जायचं म्हणते. बातम्या वाचून धीर होत नाही. तुम्ही स्पष्ट सांगा. — एक आई

ताई, तुमची काळजी बिनबुडाची नाही. गुन्हेगारी आहे, आणि राजधानीच्या काही भागांत फार आहे. पण मुली ज्या वाटेने जाणार ती वाट रोज हजारो प्रवासी वापरतात. त्या वाटेवर काही नियम कडक पाळले तर मी माझ्या भाचीला पाठवीन.

अंधार पडल्यावर रस्त्याचा प्रवास नाही. विमान रात्री उतरणार असेल तर ती रात्र विमानतळाजवळच काढायची, अँटिग्वाला सकाळी निघायचं. राजधानीत आणि अँटिग्वात रस्त्यावरची टॅक्सी हात दाखवून थांबवण्यापेक्षा उबर बोलवावी. रंगीबेरंगी कामियोनेता, म्हणजे अमेरिकेतल्या शाळांच्या जुन्या बसगाड्या, दिवसा छोट्या अंतरासाठी ठीक, सामान मांडीवर घेऊन. राजधानीच्या आतल्या सिटीबस नकोत. सरोवराकाठच्या गावांमधल्या पायवाटांवर लूटमार झालेली आहे, तिथे तिघी असल्या तरी स्थानिक वाटाड्या घ्यायचा. प्रोआतुर ही पर्यटकांना मदत करणारी सरकारी सेवा, तिचा नंबर १५००, तो तिघींच्या फोनमध्ये हवा.

आणखी एक गोष्ट, जी आईबापांना सुचत नाही: रस्ते बंद पडणं. निदर्शनांत महामार्ग अडवायची तिथे पद्धत आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवडणुकीचा निकाल राखण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले तेव्हा देशभर नाकेबंदी कित्येक दिवस चालली. प्रवासी जिथे होते तिथे अडकले, सुरक्षित पण अडकलेले. म्हणून परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस राजधानीजवळ ठेवायला मुलीला सांगा. आणि तिघींत आधीच ठरू द्या की एकीला कुठे भीती वाटली तर बाकीच्या दोघी कारण न विचारता तिच्याबरोबर परत फिरतील.

आमच्यातला एक मित्र उत्तम फोटो काढतो. माया बायकांचे फोटो काढणं बरोबर आहे का? आणि कापड घेताना घासाघीस करावी का? — विचारात पडलेली

विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा टिपायचा नाही, लहान मुलांचा तर नाहीच. चिचिकास्तेनांगोच्या सांतो तोमास चर्चमध्ये आत कॅमेरा काढूच नका. पायऱ्यांवर कोपाल धूप जळत असतो, लोक पूर्वजांशी बोलत असतात. मित्राने तिथे नुसतं उभं राहावं.

कमरेच्या मागावर विणलेला एक उइपिल, म्हणजे माया बायकांचा पोलका, पुरा व्हायला महिने लागू शकतात. मागाचं एक टोक झाडाला किंवा खांबाला, दुसरं बाईच्या कमरेला, आणि घरचं सगळं आवरून मिळालेल्या वेळात ते काम. बाजारात थोडी घासाघीस चालते, दुकानदार तसाच भाव सांगतो. पण जी बाई स्वतः विणलेलं कापड हातात धरून उभी आहे तिच्याशी पाच-दहा केत्सालसाठी ओढाताण करू नका. सान हुआनमध्ये बायकांच्या सहकारी संस्था आहेत, तिथे ठरलेला भाव असतो आणि विणणारीचं नाव चिठ्ठीवर लिहिलेलं सापडतं. मी तिथूनच घेते.

याहून मोठी गोष्ट म्हणजे थोडं वाचून जा. या देशात १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं यादवी युद्ध चाललं. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ साली अहवाल दिला: दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. बाजारात तुमच्यासमोर कापड उलगडणाऱ्या साठीच्या बाईने ते दिवस पाहिलेले आहेत. सांतियागो आतितलानला लोक माशिमोन या लोकदेवतेला सिगारेट आणि दारू वाहिलेली बघायला जातात. बघा, पण तिथून चालत गावच्या चर्चमध्येही जा. तिथले पाद्री स्टॅनले रोदर गावकऱ्यांना सोडून जायला तयार नव्हते, त्यांना २८ जुलै १९८१ ला चर्चच्याच आवारातल्या घरात मारलं. गावाने त्यांचं हृदय तिथे जपून ठेवलं आहे. त्याच गावात डिसेंबर १९९० मध्ये सैन्याने निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या, आणि त्यानंतर गावकऱ्यांनी एकजुटीने सैन्याचा तळ उठवायला लावला. टोळक्याने गेलो की आपण आपल्यातच हसत-बोलत फिरतो, आवाजही नकळत चढतो. सांतियागोत तेवढा आवाज खाली ठेवा.

व्हिसाचं काय? — घाईतला

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर सवलत मिळते, पण ती तुम्हाला लागू आहे का, हे दिल्लीतल्या ग्वाटेमालाच्या वकिलातीकडून लेखी घ्या, कारण विमान कंपनीच्या काउंटरवर तो कागद दाखवावा लागू शकतो. अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर तिथला व्हिसा हवाच. ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चौघांत मिळून ९० दिवस मोजतात. होंडुरासला जाऊन आलं म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. टोळक्यातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट आणि व्हिसाची स्थिती वेगळी असेल, ती सगळ्यांची तपासा आणि मगच तिकिटं काढा.

मित्र परत गेल्यावर मला तीन आठवडे मागे राहून स्पॅनिश शिकायचं आहे. अँटिग्वा, सान पेद्रो की शेला? — मागे उरणारी

शेला. अँटिग्वात शिक्षक चांगले आहेत, पण रस्त्यावर पाऊल टाकलं की इंग्रजीच कानावर पडतं. सान पेद्रोत दुपारी अभ्यासाला बसायची इच्छा टिकवणं कठीण. शेला, नकाशावर केत्साल्तेनांगो, हे खरं कामाचं शहर आहे, २,३०० मीटरवर, म्हणून संध्याकाळी थंडी आणि स्वेटर. शाळांची पद्धत अशी: एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, दिवसाला चार-पाच तास, आणि राहणं-जेवण एखाद्या कुटुंबात. पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं. दुसऱ्या आठवड्यात घरातल्या आजींचं बोलणं कळायला लागतं, आणि त्या तुम्हाला बाजारात बरोबर नेतात.

शिक्षक पटला नाही तर शाळेत तसं सांगून बदलून मागा, कुणी वाईट वाटून घेत नाही. कुटुंब शाकाहाराला तयार आहे का, तेही शाळेलाच आधी विचारा. वर्ग सोमवारी सुरू होतात, म्हणून मित्रांना विमानतळावर शनिवारी सोडलंत तर रविवारी सकाळची बस घ्या. राजधानीहून चारेक तास लागतात, आणि कुटुंबं दुपारच्या जेवणापर्यंत वाट बघतात.